कमठीचा होकार

एका जंगलात सगळ्यांना सगळ्यांच्या मनातलं कळायचं. म्हणून तिथे कुणी कुणाला काही विचारत नसे.

आणि चुकून विचारलंच, तर उत्तरासाठी थांबत नसे.

मुलांनो, तुम्ही म्हणाल, असं कसं जंगल? असतं असं जंगल. थोडंसं तुमच्या घरातही असेल. "भाजी वाढू का?" असं विचारता विचारताच ताटात भाजी पडते ना? तेच ते.

तर त्या जंगलात एक डोह होता. खोल, गार, भर वैशाखातही न आटणारा. त्या डोहात कमठी नावाची कासवी राहायची. वयाने तरुण, पोहण्यात पटाईत. डोहाच्या तळाशी एक सपाट काळा दगड होता. त्या दगडाच्या कपारीत तिची जागा होती. तिथून वर बघितलं की पाण्यातून सूर्य हलताना दिसायचा. कमठीला जगात याहून जास्त काही नको होतं.

तिला एक सवय होती. सगळ्याच कासवांना असते. भीती वाटली की मान आत.

ढग गडगडले, मान आत. परकं कुणी समोर आलं, मान आत. आणि मान आत गेली की तोंडही आत जातं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

एके दिवशी डोहाच्या काठावर साळूआत्या येऊन बसली. साळूआत्या म्हणजे साळुंकी. जंगलातली लग्नं तीच जुळवायची. आजवर तिने एकशे बारा लग्नं जुळवली होती आणि त्यातलं एकही मोडलं नव्हतं. कारण कुणी लग्न मोडायचं नाव काढलं, की ती त्याच्या दारात सकाळ-संध्याकाळ बसून ओरडायची. शेवटी माणूस म्हणायचा, यापेक्षा लग्न परवडलं. म्हणजे, माणूस नाही. कोल्हा, ससा, जो कोण असेल तो.

"अण्णा," साळूआत्या कमठीच्या वडिलांना म्हणाली, "स्थळ आणलंय. कुंपणावरचे सरडे. घरंदाज मंडळी."

अण्णा म्हणजे डोहातलं सगळ्यात वयस्कर कासव. त्यांनी डोळे मिचकावले. मग सावकाश म्हणाले, "आत्याबाई, आम्ही पाण्यातले. ते काट्यांवरचे."

"खुसपटं काढायची तर कशातही निघतात! तुम्ही गुण बघा. तुमच्यात अंडी घालतात, त्यांच्यातही अंडी घालतात. तुमच्या अंगावर खवले, त्यांच्याही अंगावर खवले. उन्हात बसायची आवड दोघांना. छत्तीसच्या छत्तीस जुळतायत. राहता राहिलं पाणी. ते सवयीने सुटतं."

"पाणी?"

"सगळ्यांचं सुटतं. आमची आई म्हणायची, माझं आकाश सुटलं तर पाण्याचं काय."

अण्णा गप्प बसले. साळूआत्याने ते 'हो' धरलं.

सरडे मंडळी आली. वीस-पंचवीस जण ओळीने दगडावर बसले. नवरा मुलगा मधोमध. रंगनाथ त्याचं नाव. दिसायला बरा, स्वभावाने मवाळ. त्यालाही एक सवय होती. सगळ्याच सरड्यांना असते. उन्हात बसला की मान आपोआप वर-खाली, वर-खाली व्हायची. त्यात अर्थ काही नसायचा. तुम्ही पाय हलवता ना अभ्यास करताना, तसं.

साळूआत्याने गळा साफ केला. "काय गं कमठे! मुलगा पसंत आहे ना?"

वीस-पंचवीस सरडे एकदम कमठीकडे बघायला लागले. कमठीची मान आत गेली.

"लाजली!" साळूआत्या ओरडली.

"लाजली, लाजली!" सरडे मंडळी म्हणाली. "होकार झाला!"

"आणि काय हो नवरदेव, मुलगी पसंत?"

रंगनाथला ऊन लागत होतं. त्याची मान हलत होती.

"बघा बघा! एकदा नाही, दहादा हो म्हणतोय! पोराला घाई झालीय!"

कवचाच्या आत कमठी म्हणत होती, "थांबा ना जरा. मला विचार करायचाय." पण तो आवाज कवचातच घुमत राहिला. अण्णांना तो पुसटसा ऐकू आला. त्यांना वाटलं, पोरगी उखाणा जुळवतेय.

पुढच्या गुरुवारी लग्न झालं. केळीच्या पानाचा अंतरपाट, तांदळाऐवजी वडाची पिकली फळं. जेवणं उत्तम झाली. कमठी कुंपणाखाली नांदायला आली.

कुंपण बोरीच्या काट्यांचं होतं, जंगलाच्या अगदी कडेला. सरड्यांची धाव तिथपर्यंतच असते, हे तुम्ही ऐकलं असेलच. वर रंगनाथ. खाली धुळीत कमठी. तिला वर चढता येईना. त्याला खाली राहता येईना, खाली साप होते. जवळ एक खळगा होता, त्यात गुडघाभर पाणी होतं. म्हणजे सशाच्या गुडघ्याएवढं. कमठी त्यात बसायची. तिचा अर्धाच भाग भिजायचा. कधी पुढचा, कधी मागचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी रंगनाथ खालच्या काटकीवर आला.

"एक विचारू?" तो म्हणाला. "राग नाही ना येणार?"

"विचारा, अहो," कमठी म्हणाली. 'अहो' म्हणायचं, असं तिला बजावून पाठवलं होतं.

"तुम्हाला हे लग्न करायचं होतं?"

मुलांनो, त्या जंगलात हा प्रश्न पहिल्यांदाच कुणी कुणाला विचारला होता. आणि विचारून रंगनाथ गप्प बसला. त्यामुळे कमठीला उत्तर द्यायला जागा मिळाली.

"नव्हतं," ती म्हणाली. "मला भीती वाटली म्हणून मान आत घेतली. तुम्हाला करायचं होतं?"

"छे. मला ऊन लागत होतं."

मग दोघांनाही हसू आलं. लग्नानंतरचं ते पहिलं हसू.

"म्हणजे तुझाही होकार नाही, माझाही नाही," रंगनाथ म्हणाला. "मग लग्न झालंय कुणाचं?"

"ते नंतर बघू. आधी हे सांग, तुला आता 'अरे' म्हटलं तर चालेल?"

"पळेल," रंगनाथ म्हणाला.

आता इथे तुम्हाला डोहाचा एक नियम सांगायला हवा. लेक दिली की तिचं पाणी सुटलं. लग्न झालेल्या कासवीला डोहात जागा नाही. नवऱ्याला सोडून परत आलीच, तर तिला काठाकडची चिखलाची जागा मिळायची. तिथे रानडुकरं लोळायची आणि चैत्रात तो चिखलही वाळून त्याला भेगा पडायच्या. म्हणजे नुसता काडीमोड घेऊन कमठीचं भागत नव्हतं. काळ्या दगडाखालची जागा परत हवी असेल, तर लग्न मोडून उपयोग नव्हता. ते मुळात झालंच नव्हतं, असं ठरायला हवं होतं.

आणि खळग्यातलं पाणी सशाच्या गुडघ्यावरून सशाच्या घोट्यापर्यंत आलं होतं.

दोघं वकिलाकडे गेले. जंगलात एकच वकील होती, चपळाबाई खार. हुशार बाई. फक्त सगळी कागदपत्रं सुरक्षित राहावीत म्हणून ती जमिनीत पुरून ठेवायची आणि कुठे पुरली ते विसरायची.

"लग्न रद्द?" ती म्हणाली. "कायद्यात त्याला कारणं लागतात. मोजकीच आहेत. नवऱ्याला आधीची बायको?"

"नाही."

"वेडाचे झटके?"

"नाही."

"तुम्ही दोघं जवळच्या नात्यातले?"

"आम्ही? सरडा आणि कासवी?"

"मला विचारावं लागतं, बाई." चपळाबाईने आवाज खाली आणला. "मग असं करू. नवऱ्याला नवरेपण जमत नाही, असं लिहू. फार चालतं हे. गेल्या वर्षीच्या दहा अर्जांपैकी आठांत मी हेच लिहिलं."

रंगनाथ आधी लाल झाला, मग पिवळा, मग चक्क निळसर. पण म्हणाला, "कमठीची सुटका होत असेल तर लिहा."

"पण ते खरं नाही," कमठी म्हणाली.

"मग फसवणूक टाकू! हा रंग बदलतो, हे तुझ्यापासून लपवून ठेवलं."

"सरडा रंग बदलतो हे डोहातल्या माशांनाही माहीत आहे हो."

"तू कारणं खोडत बसू नकोस. बरं, जबरदस्ती? कुणी बांधलं? चावलं? धमकावलं?"

"नाही. विचारलं."

"विचारलं? मग झालं की!"

"उत्तरासाठी थांबले नाहीत."

चपळाबाईची शेपटी एकदम स्थिर झाली. खारीची शेपटी स्थिर होणं चांगलं लक्षण नाही.

"हे कारण कायद्यात कुठेच नाही," ती म्हणाली.

"पण खरं कारण हेच आहे."

"तीच तर पंचाईत आहे. खोटी कारणं सहा आहेत, सहाही पक्की. आणि तू खरं घेऊन आलीस."

मुलांनो, मला इथे थोडं थांबून चिडायचं आहे. एका कासवीला स्वतःच्या पाण्यात परत जायचं असेल, तर तिने एका भल्या सरड्याची अब्रू काढायची? का? कशासाठी? या जंगलात इतकी झाडं आहेत, त्यांची इतकी पानं आहेत, त्यातल्या एका पानावर एवढं एक वाक्य लिहायला काय...

असो. मोठे म्हणतात, गोष्ट सांगताना चिडू नये. पुढे ऐका.

अर्जात शेवटी एकच ओळ लिहिली: 'होकार नव्हता.' चपळाबाईने तो अर्ज पुरण्याआधीच रंगनाथने तो तिच्या हातातून घेतला आणि कोर्टात दिला.

कोर्ट अर्जुनाच्या झाडाखाली भरायचं. न्यायाधीश होता गवा. प्रचंड देह, शांत डोळे. त्याला चार पोटं होती आणि कुठलीही गोष्ट चारही पोटांतून फिरून आल्याशिवाय तो तोंडातून बाहेर काढत नसे. त्यामुळे निकालांना वेळ लागायचा, पण सगळे म्हणायचे, निकाल चावून चावून देतो.

पहिल्या तारखेला गव्याने रवंथ करत विचारलं, "वादी कोण?"

"मी," कमठी म्हणाली.

"आणि मी," रंगनाथ म्हणाला.

"प्रतिवादी कोण?"

दोघं एकमेकांकडे बघायला लागले.

"एका बाजूला दोघांना उभं राहता येत नाही," गवा म्हणाला. "एकाने पलीकडे जा."

रंगनाथ पलीकडे गेला.

"हं. आता भांडा."

"कशावरून, साहेब?"

"ते कोर्टाने सांगायचं का? भांडण ठरवून या. पुढची तारीख."

पुढची तारीख एका महिन्यानंतरची मिळाली. खळग्यातलं पाणी सशाच्या घोट्यावरून सशाच्या नखांवर आलं. कमठीच्या पाठीवरचं कवच कोरडं पडून त्यावर पांढुरक्या रेघा उमटायला लागल्या. रंगनाथ रोज पहाटे दव पडलेली पानं तोडून तिच्या पाठीवर टाकायचा. नवरा म्हणून नाही. शेजारी म्हणून.

"मला कोर्टात बोलावं लागेल," कमठी एके दिवशी म्हणाली. "आणि त्या गव्याचा आवाज ऐकला की माझी मान आत जाणार."

"मग सराव करू," रंगनाथ म्हणाला. "मी साळूआत्या होतो." तो वरच्या काटकीवर चढला आणि किंचाळला, "काय गं कमठेऽऽ!"

मान आत.

"बाहेर काढ. परत. काय गं कमठेऽऽ!"

मान आत.

"तू तिच्यासारखा फार छान ओरडतोस," कवचातून आवाज आला.

"धन्यवाद. बाहेर ये."

चाळीस दिवस हा सराव चालला. कारण तारखेच्या दिवशी कारकुनाने कात टाकली होती. कारकून म्हणजे खेकडा. नवं कवच कडक होईपर्यंत त्याला रजा होती, म्हणून तारीख पुढे गेली. एकेचाळिसाव्या दिवशी रंगनाथ घसा फुटेपर्यंत ओरडला आणि कमठीची मान जागची हलली नाही. तिचे डोळे तेवढे घट्ट मिटलेले होते. रंगनाथ म्हणाला, डोळ्यांचं चालतं.

सुनावणीला सगळं जंगल लोटलं. साळूआत्या सगळ्यात पुढच्या फांदीवर. आपल्या एकशे तेराव्या लग्नाला कोण हात लावतो, हे तिला बघायचं होतं. अण्णाही आले होते. डोहापासून अर्जुनाच्या झाडापर्यंत यायला त्यांना तीन दिवस लागले होते.

गव्याने जड आवाजात विचारलं, "कमठी, या लग्नाला तुझा होकार होता की नव्हता?"

कमठीची मान अर्धी आत गेली. जंगल कुजबुजलं, "लाजली, लाजली..." मग ती मान थरथरत, हळूहळू, पूर्ण बाहेर आली. डोळेही उघडे होते.

"नव्हता," ती म्हणाली. "तेव्हाही नव्हता, आत्ताही नाही. मी लाजले नव्हते, घाबरले होते. मला माझ्या डोहात परत जायचंय."

एवढी शांतता पसरली, की गव्याचा रवंथ ऐकू यायला लागला. पहिलं पोट. दुसरं. तिसरं. चौथं.

"भर सभेत जी इतकं स्वच्छ बोलते," गवा म्हणाला, "तिला घाबरट म्हणता येणार नाही. घाबरट नाही, म्हणजे ती त्या दिवशीही घाबरली नव्हती. घाबरली नव्हती, म्हणजे लाजलीच होती. लिहा, होकार होता."

"आणि साहेब, मी आत्ता मान आत घेतली असती तर?"

"तर लाजली, असं लिहिलं असतं."

"साहेब!" रंगनाथ पलीकडून ओरडला. "माझाही होकार नव्हता! नव्हता म्हणजे नव्हता!"

पण फांद्यांतून त्याच्या अंगावर ऊन पडलं होतं. मान वर-खाली होत होती.

खेकड्याने लिहिणं थांबवलं. "साहेब, तोंडाने नाही म्हणतोय, मानेने हो. काय लिहू?"

"मान लिही. तोंड कुणीही चालवतं."

कमठीने पाठीवरचं शेवटचं ओलं पान खाली पडताना पाहिलं. चपळाबाई उगाच जमीन उकरायला लागली.

"आता फक्त एक रीत राहिली," गवा म्हणाला. "लग्न यथासांग झालं होतं, असं लावून देणाऱ्याने सांगायचं. म्हणजे अर्ज निकालात निघेल. साळूबाई?"

साळूआत्या याचीच वाट बघत होती. तिने पंख फुलवले.

"यथासांग? अहो साहेब, असं लग्न या जंगलात झालं नाही! मी होते म्हणून मुहूर्त साधला. ही बया सप्तपदीला उभी राहिली आणि चार पावलांना तिने पाऊण तास लावला! पाचवं काही टाकेचना. तिकडे मुहूर्त टळतोय, पंगतीला डुकरं अंगावर येतायत. मी म्हटलं, हे काही खरं नाही. सांगितलं दोन रानडुकरांना, उचला रे! उचलली आणि ठेवली सातव्यावर. याला म्हणतात कार्य तडीस नेणं!"

जंगल कौतुकाने हसलं. गवा हसला नाही. त्याचा जबडा हलायचा थांबला. हे आजवर कुणीही पाहिलं नव्हतं.

चपळाबाईची शेपटी ताठ उभी राहिली. "उचलली, साहेब! बाईंच्या तोंडचे शब्द आहेत. उचलली!"

"कायदा स्पष्ट आहे," गवा सावकाश म्हणाला. "सातवं पाऊल पडलं की लग्न पुरं होतं. पाऊल आपल्या पायाने टाकायचं असतं. उचलून ठेवलेलं पाऊल हे पाऊल नव्हे."

होकार दिला नव्हता, हे सांगून कमठीचा घसा कोरडा पडला होता. ते कुणाच्या कानात शिरलं नाही. तीन पावलं मात्र सगळ्यांना लगेच कळली. बघा, कायद्याला मन दिसत नाही. पण पाय दिसतात, हेही काही कमी नाही.

"म्हणजे माझं लग्न झालंच नाही?" कमठी म्हणाली.

"झालं नाही, असं नाही. पुरं झालं नाही. तीन पावलं बाकी आहेत. कोर्टाचा हुकूम असा, की मुलीने उरलेली तीन पावलं आत्ता, इथे, सर्वांसमक्ष टाकावीत. आणि खबरदार! तिला कुणी उचलायचं नाही. ढकलायचंही नाही."

टाळ्या पडल्या. साळूआत्याने धावपळ करून जागा मोकळी केली. खेकड्याने नांगीने मातीत सात रेघा ओढल्या. रंगनाथला सातव्या रेघेवर उभं केलं, कमठीला चौथ्या.

"चल, हो पुढे, पोरी," साळूआत्या म्हणाली. "तीन तर पावलं."

कमठीने पाचव्या रेघेकडे पाहिलं. मग रंगनाथकडे पाहिलं. त्याची मान वर-खाली होत होती. जंगलाला वाटलं, बोलावतोय. कमठीला मात्र त्या मानेत काही वाचायची गरज नव्हती. तिने त्याला आधीच विचारलेलं होतं.

ती उभी राहिली. मान बाहेर. चारही पाय जमिनीवर. आणि हलली नाही.

थोडा वेळ गेला. अर्जुनाची सावली पाचव्या रेघेवरून सहाव्या रेघेवर गेली. कमठी नाही गेली.

"चालतेय ना?" गव्याने विचारलं.

"चालतेय की, साहेब," साळूआत्या म्हणाली. "हिचं असंच असतं."

तेवढ्यात गर्दीतून अण्णा पुढे आले. येताना त्यांनाही बराच वेळ लागला. ते कमठीजवळ जाऊन थांबले आणि त्यांनी तिच्या पायांकडे पाहिलं. साळुंकीला कळणार नाही, गव्याला कळणार नाही, पण सावकाश चालणारं कासव आणि मुळीच न चालणारं कासव यांतला फरक कासवाला कळतो.

मग त्यांची नजर तिच्या पाठीवरच्या पांढऱ्या रेघांवर गेली. त्यांनी त्या पहिल्यांदाच पाहिल्या.

"कमठे," ते हळूच म्हणाले, "चालायचंय का तुला?"

आणि ते थांबले. मुलांनो, कासवं थांबतात तेव्हा खरंच थांबतात.

"नाही, अण्णा," कमठी म्हणाली.

अण्णांनी डोळे मिटले. त्यांना तो लग्न ठरल्याचा दिवस आठवला असेल, कवचातला तो आवाज आठवला असेल, नसेलही. मी त्यांना विचारलेलं नाही, तेव्हा मी सांगणार नाही. त्यांनी डोळे उघडले आणि ते गव्याकडे वळले.

"चालतेय, साहेब," अण्णा म्हणाले. "पण आमच्यात वेळ लागतो. माझी आत्या एक पाऊल उचलून अकरा वर्षं उभी होती."

"अकरा?" गवा म्हणाला.

"खाली टेकवायच्या आत वारली."

गव्याने मान हलवली. वेळ लागणं ही गोष्ट त्याला मनापासून पटायची. त्याने पुन्हा रवंथ सुरू केला आणि चार पोटं फिरून हुकूम बाहेर आला.

"मुलगी चालते आहे, याबद्दल कोर्टाची खात्री झाली आहे. तिला घाई करू नये. तीन पावलं पुरी होईपर्यंत ती अविवाहित समजली जाईल आणि डोहात आपल्या जागी राहील. कारकुनाने दर वर्षी जाऊन प्रगती पाहून यावी."

"आणि साहेब," चपळाबाईने विचारलं, "डोहाकडे जाताना पडतील ती पावलं?"

"ती कशी धरणार? ती उलट्या दिशेची."

हे ऐकल्याबरोबर कमठी वळली. ती डोहाकडे अशी सुटली, की वाटेतले ससे बाजूला झाले. त्या जंगलाने कासवाला इतक्या वेगाने जाताना कधी पाहिलं नव्हतं, पुढेही पाहिलं नाही.

"बघा, बघा!" साळूआत्या कौतुकाने ओरडली. "कशी लाजून पळाली!"

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. कमठी काळ्या दगडाखाली राहते. रंगनाथ कुंपणावर असतो. थंडीच्या दिवसांत कधी कधी तो डोहाच्या काठी ऊन खायला येतो आणि दोघं गप्पा मारतात. दोघांचं छान जमतं. एकमेकांना विचारून जमतं. साळूआत्या सगळ्यांना सांगते, मी एकशे तेरा लग्नं जुळवली, एकही मोडलं नाही.

दर वर्षी खेकडा काठावर येतो. "कुठवर आलं?" असं विचारतो.

कमठी पाण्यातून मान बाहेर काढते. छान लांब बाहेर काढते.

"चालतेय," ती म्हणते.

खेकडा लिहून घेतो, 'काम चालू आहे', आणि समाधानाने परत जातो.

तात्पर्य: मुलांनो, वडीलधाऱ्यांना कधीही 'नाही' म्हणू नये. त्यांना ते ऐकू येत नाही आणि विनाकारण त्यांचा वेळ जातो. नम्रपणे 'चालतेय' म्हणावं आणि जागचं हलू नये.